हॅमर शेडचे कान

बायको गेल्यापासून घर शांत झालंय, असं फोरमन समजत होते. ती शांतता त्यांच्या कानांतली होती. हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी शेजाऱ्यांनी त्यांचं दार फोडलं.

रविवार होता. सकाळी फोरमननी कुकरमध्ये बटाटे लावले. बटाट्यांचं पुढे काय करायचं हे ठरलेलं नव्हतं. बायको गेल्यावर त्यांना एवढंच येत होतं, की बटाटे उकडायचे आणि मीठ लावून खायचे. गॅस पेटवून ते बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसले. दाराकडे पाठ करून बसले, कारण खिडकीचा उजेड त्या बाजूने चांगला पडतो. तीन शिट्ट्या झाल्या की उठायचं, एवढा एकच कार्यक्रम होता. पण शिट्टी काही होईना. त्यांनी मनातल्या मनात कुकरला नावं ठेवली, छोट्या जाहिराती वाचून काढल्या, शब्दकोडं अर्धं सोडवलं आणि पहिल्या शिट्टीची वाट बघत राहिले.

कुकर बिचारा आपलं काम चोख करत होता. त्याने इतक्या शिट्ट्या मारल्या, की वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी आधी पाय आपटले आणि मग ते स्वतःच खाली आले. त्यांनी बेल वाजवली. शेजारीण बाहेर आली. दोघांनी मिळून दार बडवलं. मग शिट्ट्या थांबल्या आणि जळका वास सुटला, तेव्हा शेजारणीने डोळ्यांना पदर लावला. भट्टीशी जन्म काढलेल्या फोरमनना तो वास वास वाटतच नव्हता.

"बायकोमागे यांनी काहीतरी करून घेतलं हो! मला धाकधूक होतीच. परवा जिन्यात एवढ्या हाका मारल्या, तर माणसाने वळूनसुद्धा बघितलं नाही."

मास्तरांनी खालच्या मजल्यावरच्या सुताराला बोलावून आणलं. कुलूप मजबूत होतं, म्हणून सुताराने बिजागऱ्यांना हात घातला. दार आतल्या बाजूला आडवं झालं आणि पडता पडता फोरमनच्या खुर्चीला चाटून गेलं. तेव्हा कुठे फोरमननी मान वळवली. चष्मा नाकावर, पेन्सिल हातात. दार होतं त्या जागी निम्मी इमारत उभी होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

सुतार म्हणाला, "काका, तुमचं दार निघालं."

फोरमनची मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. तिला निरोप गेला, तशी ती हातातलं काम टाकून धावत आली. भिंतीला टेकवलेलं दार तिने बघितलं, काळाठिक्कर कुकर बघितला, आणि बापाच्या पाठीमागे उभी राहून बराच वेळ काहीतरी बोलली. मग पुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही."

"येतंय की. आत्ता नाही का ऐकलं?"

"आत्ता मी समोर आहे. मघाशी पाठीमागून इतकं बोलले, इतकं बोलले, की कुठली मुलगी बापाला असं बोलणार नाही."

"काय बोललीस?"

"ते जाऊ दे आता."

फोरमन ओशाळले. "मला वाटलं, दुःखाचं घर आहे म्हणून सगळे हळू आवाजात बोलताहेत. चांगली माणसं आहेत म्हटलं. एवढे दिवस झाले तरी पाळताहेत."

मुलीला हसू आलं. हसता हसता ती खाली बसली, आणि मग ते हसू राहिलं नाही. तिने डोळे पुसले आणि सांगायला सुरुवात केली. बेल वाजली की आई उठून दार उघडायची आणि जाता जाता बाबांच्या खांद्याला हात लावायची. फोन आई घ्यायची. पाहुणे आले की आई बाबांच्या समोरच्या खुर्चीत बसायची आणि प्रत्येक गोष्ट पुन्हा बोलून दाखवायची, "ऐकलंत ना, त्यांच्या धाकट्याला नोकरी लागली म्हणताहेत." फोरमनना ती बायकोची खोड वाटायची. पाहुण्यांसमोर ते तिच्यावर खेकसायचेसुद्धा, "एकदा ऐकलं ना मी! तेच तेच काय सांगतेस?"

"स्वयंपाकघरातून ती तुम्हाला हाका मारायची, आठवतं?" मुलीने विचारलं.

"नाही."

"कसं आठवणार? मग तिने हाका मारणंच सोडलं. उठून यायची."

फोरमन त्या काळ्या कुकरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण कंपनीच्या तपासणीत माझे कान दरवर्षी पास होतात."

"तेच विचारायचंय मला. यांचेही होतात."

'हे' म्हणजे फोरमनचे जावई. ते त्यांच्याच हाताखाली दोन नंबरच्या हॅमरवर होते. शेडमध्ये सगळे त्यांना जावईबापू म्हणत. मुलगी म्हणाली, "घरात टीव्हीचा आवाज रोज थोडा थोडा वर जातोय. विचारलं तर म्हणतात, मी दमलोय. आईने तुमचं निभावून नेलं, बाबा. तिच्यात तेवढा दम होता, माझ्यात नाही. तुम्ही फोरमन आहात. यांचे कान जायच्या आत काहीतरी करा."

फोरमन "करतो" म्हणाले. सुताराने दार पुन्हा बसवलं. ते तेव्हापासून जरा घासतं.

हॅमर शेडमध्ये काय चालायचं, ते इथे सांगायला हवं. भट्टीतून लालबुंद लोखंड काढायचं, सांडशीने धरून साच्यावर ठेवायचं, आणि वरून घण येऊन त्याला आकार देणार. हा घण म्हणजेच हॅमर, खोलीएवढा. तो पडला की पायाखालची फरशी हलायची आणि छातीत धप्प व्हायचं. शेडमध्ये बोलणं असं नव्हतंच. सगळा कारभार हातांवर. ओठांना अंगठा लावला की चहा. मनगटावर टिचकी मारली की सुट्टी किती वेळाने. नाकाशी चिमूट धरली की सेफ्टीवाले साहेब येताहेत, कारण ते अत्तर लावायचे.

दरवर्षी कानांच्या तपासणीची गाडी यायची. गाडीत एक लाकडी खोका, त्याला पुढून काच. आत बसायचं, कानांवर डबडी चढवायची, बारीक सूर ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. नापास झालं की माणूस हॅमरवरून उठायचा आणि पॅकिंगला जायचा, खोक्यांवर पट्ट्या चिकटवायला. हॅमरवर हाडं मुरलेल्या माणसाला ते मरणाहून वाईट. म्हणून शेडने फार पूर्वीच एक सोय शोधली होती. तपासणीवाल्या बाईंच्या मागे औषधांचं कपाट होतं, आणि खोक्यातून त्या कपाटाच्या काचेत बाईंचा उजवा हात दिसायचा. सूर सोडायला तो हात हलला, की बटण दाबायचं. नवा माणूस शेडमध्ये आला, की त्याला आधी सांडशी धरायला शिकवत आणि मग काच बघायला.

याचा व्हायचा तोच परिणाम झाला होता. हॅमर शेडचे निकाल सगळ्या कंपनीत उत्तम होते. सेफ्टीवाल्या साहेबांनी शेडच्या दाराशी पाटीच लावली होती, 'श्रवणक्षमता : उत्कृष्ट'. दोन वर्षांपूर्वी आवाज अडवणारी भिंत बांधायचं सामान आलं, तेव्हा मोठ्या साहेबांनी निकाल मागवले. हॅमर शेडमध्ये सगळे ठणठणीत. हिशेब खात्यात मात्र दोघांना कमी ऐकू येत होतं, कारण त्यांना बिचाऱ्यांना काचेचं कुणी सांगितलं नव्हतं. भिंत हिशेब खात्याभोवती बांधली गेली. आता तिथली माणसं एकमेकांच्या जांभया ऐकतात.

यंदा मात्र वरून कुणीतरी टोचलं, म्हणून शेडला नारिंगी रंगाचे बोळे मिळाले होते. दाबून कानात घालायचे, आत गेले की फुगतात. शेडने त्यांचं स्वागत केलं. एकाने ते हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातले, दुसऱ्याने तेलाच्या बाटलीला बूच केलं. निम्मी माणसं मात्र खरंच कानात घालत होती. जावईबापू त्यांतले. बायको रोज रात्री धुऊन वाळत घालते म्हटल्यावर घालावेच लागत.

सोमवारी फोरमन थेट सेफ्टीवाल्या साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, हॅमरभोवती भिंत पाहिजे."

"कशाला?"

"आवाजाने कान जाताहेत."

साहेब हसले. "फोरमन, तुमच्या शेडइतके चांगले कान माझ्या घरात नाहीत. गेल्या वर्षीचा निकाल आहे ना! तुमचा स्वतःचा तर पंचविशीतल्या पोराला लाजवेल असा आहे. भिंत मागायला काहीतरी दुखणं नको का?"

फोरमन परत आले ते एक विचार डोक्यात घेऊनच. दुखणं पाहिजे तर दुखणं दाखवू. खरंच तर आहे. तपासणीची गाडी त्याच आठवड्यात यायची होती. चहाच्या सुट्टीत त्यांनी माणसांना शेडमागे गोळा केलं. तिथे भंगाराचा ढीग होता आणि बसायला उलटे पिंप.

"यंदा कुणी काचेत बघायचं नाही," फोरमन म्हणाले. "डोळे मिटून बसायचं. ऐकू आलं तर दाबायचं, नाही आलं तर नाही."

पैलवान म्हणाला, "आणि नापास झालो तर?" पैलवान म्हणजे अंगाने काडी. टोपणनाव कुणी ठेवलं, ते देवच जाणे.

"सगळेच नापास झालो तर सगळ्यांना पॅकिंगला कसे पाठवतील? हॅमर कोण चालवणार, हिशेब खातं?"

"थांबा, थांबा," शेडचा वकील पुढे सरसावला. कुठल्याही गोष्टीला हरकत घेणं हे त्याचं काम होतं. "ऐकू आलं तर दाबायचं म्हणता. मग कुणाला थोडं येईल, कुणाला जास्त. दोघं पास, चौघं नापास. जे नापास, ते गेले पॅकिंगला. त्यापेक्षा कुणीच दाबायचं नाही. सरळ हिशेब."

"अरे, पण खरं काय ते कळायला नको?"

"खरं कळून काय करायचंय? भिंत पाहिजे ना तुम्हाला?"

सगळ्यांना वकिलाचं पटलं. फोरमनना ओठ वाचता वाचता निम्मं निसटलं, पण माना डोलताहेत म्हणजे ठरलं, असं समजून त्यांनीही मान डोलावली. ठरलं ते एवढंच, की बटणाला कुणी हात लावायचा नाही.

तपासणीच्या दिवशी शेडने कामात कसूर केली नाही. सगळ्यात आधी वकील आत गेला. बाईंनी नाव विचारलं, तर म्हणाला, "काय?" वय विचारलं, तरी "काय?" शेवटी बाईंनी खुणेने खोका दाखवला. त्यात तो हाताची घडी घालून बसला. पैलवानाला आयुष्यात पहिल्यांदा इतकी शांत जागा मिळाली होती, तो झोपला. बाईंनी काच वाजवली, तरी उठला नाही. त्याची नोंद 'अतिशय गंभीर' अशी झाली. एकाने बाहेर पडताना गाडीच्या पायऱ्यांच्या कठड्याला आपटून घेतलं. तेव्हा वकील त्याच्यावर डाफरला, "गाढवा, आपण बहिरे आहोत, आंधळे नाही."

फोरमननी मात्र डोळे मिटून प्रामाणिकपणे कान लावले. वाट बघून बघून त्यांना वाटलं, अजून सुरू झालेलं नाही. बाई खोक्याचं दार उघडून समोर उभ्या राहिल्या आणि "झालं" म्हणाल्या.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी जावयांना रस्त्याच्या दिव्याखाली उभं केलं, म्हणजे ओठ दिसतील. "जावईबापू, खरं सांगा. आत ऐकू येत होतं का तुम्हाला?"

"आलं असेल, मामा. मी लक्षच दिलं नाही. दाबायचं नाही असं ठरलं होतं ना."

निकाल आला तसा ऑफिसमध्ये गोंधळ उडाला. वर्षापूर्वी उत्कृष्ट असलेली शेड एकदम ठार बहिरी. आधी यंत्र बिघडलं म्हणून दुरुस्तीला गेलं. ते चांगलं आहे असा शेरा घेऊन परत आलं. मग कंपनीने कानातला मळ काढायचं शिबिर घेतलं. रांगेत बसवून सगळ्यांच्या कानात पिचकारी मारली. जे निघालं, ते बघायला ऑफिसमधली माणसंही आली होती. पैलवानाच्या एका कानातून सोललेल्या वायरीचा तुकडा निघाला. तो त्याने परत मागून घेतला. पण मळ गेला तरी निकाल हलेना, कारण शेड आपल्या ठरावाला चिकटून होती.

मग सेफ्टीवाल्या साहेबांनी डोकं चालवलं. त्यांनी फोरमनना बोलावून कागदावर आकृती काढून दाखवली.

"हे बघा. हॅमर कधीपासून चालू आहे? पार जुन्या काळापासून. तेव्हापासून कुणाचे कान गेले?"

"निकालात कुणाचेच नाही."

"म्हणजे हॅमरच्या आवाजाने कान जात नाहीत. सिद्ध झालं. आणि आवाजाने कान गेलेच, तर हळूहळू जातात, असं डॉक्टर सांगतात. हे एका वर्षात गेले. तर मग या वर्षात शेडमध्ये नवीन काय आलं?"

फोरमननी कागदावर वाकून बघितलं.

"बोळे," साहेब म्हणाले, आणि कागदावरच्या नारिंगी ठिपक्याभोवती गोल काढला. "रबरासारखी काहीतरी वस्तू रोज कानात कोंबायची. दुसरं काय होणार? मी उद्यापासून बंद करतोय. माणसांची काळजी आपण नाही घ्यायची तर कुणी?"

फोरमन तिथून निघाले ते मोठ्या साहेबांच्या खोलीतच शिरले. मागोमाग सेफ्टीवाले साहेबही आले. फोरमननी टोपी काढली आणि सगळं सांगून टाकलं. कपाटाची काच, बाईंचा हात, वर्षानुवर्षं पास झालेली बहिरी माणसं, आणि या वर्षीचा ठराव.

मोठे साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तुमचं म्हणणं, इतकी वर्षं त्या निकालांवर मी सह्या केल्या, त्या खोट्या?"

"सह्या खऱ्या होत्या साहेब. कान खोटे होते."

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"नाही साहेब."

"मग आत्ता माझ्याशी गप्पा कशा मारताय?"

"तुमचे ओठ बघून. विश्वास नसेल तर पाठ फिरवून बोला."

मोठ्या साहेबांनी खुर्ची गर्रकन खिडकीकडे फिरवली आणि बोलायला लागले. बोलत असावेत, कारण खुर्चीच्या पाठीवरून दिसणारं डोकं हलत होतं. फोरमन उभे होते. खोलीत पंखा फिरत होता, तोही मुका. मध्येच डोकं थांबलं. सेफ्टीवाले साहेब आपल्याकडे बघताहेत, असं फोरमनच्या लक्षात आलं. काहीतरी उत्तर द्यायची वेळ आली होती. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या तोंडात अशा वेळी एकच शब्द येतो, आणि तो यायच्या आत त्याला अडवणं फार अवघड असतं.

"हो साहेब," फोरमन म्हणाले.

डोकं पुन्हा हललं, पुन्हा थांबलं.

"हो साहेब."

खुर्ची गर्रकन परत फिरली. मोठ्या साहेबांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "काय हो फोरमन! चेष्टा करता होय आमची?"

दाराबाहेर आल्यावर सेफ्टीवाल्या साहेबांनी पाठीवर थाप मारून सांगितलं तेव्हा उलगडा झाला. मोठ्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला होता, "तुम्हाला सगळं व्यवस्थित ऐकू येतंय ना?" आणि दुसरा, "बोळे बंद करायला तुमची काही हरकत नाही ना?"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली. वकिलाने ती ओठ नीट हलवून सगळ्यांना वाचून दाखवली. 'हॅमर शेडच्या फोरमनशी सविस्तर चर्चा करून आणि त्यांच्या संमतीने, कामगारांच्या कानांच्या रक्षणासाठी, शेडमध्ये बोळे वापरण्यास सक्त मनाई करण्यात येत आहे.'

"वा फोरमन," वकील म्हणाला. "भिंत मागायला गेलात आणि बूच देऊन आलात."

घरी मुलीने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली नाही, आदळआपट केली नाही. बापासमोर बसून, ओठ हलताना दिसतील अशी, हळूहळू एवढंच म्हणाली, "मेडिकलच्या दुकानात मिळतात ते. विकत आणा. कुणाला विचारू नका."

फोरमननी आणले. मेडिकलवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या घरी कुणी घोरत असेल. त्याने विचारलंही. फोरमन म्हणाले, "नाही, आता कुणी घोरत नाही," आणि पुडा पिशवीत टाकला.

शेडमध्ये आता बोळे चोरून यायला लागले. फुकट मिळत होते तेव्हा टेबलाखाली घालणारी माणसं मनाई झाल्याबरोबर त्यांच्यासाठी धडपडू लागली. कुणी मोज्यातून आणी, कुणी डब्याच्या झाकणात लपवून. घातले की वरून टोपी कानांवर ओढायची. पैलवानाने तर दोन्ही कानांत दोन-दोन घालून बघितले. इतक्या मनापासून बोळे त्या शेडमध्ये कधी वापरले गेले नव्हते. फोरमनना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. आपण बायकोला सांगितलं असतं, तर ती हसली असती, असं त्यांच्या मनात आलं.

पण एक दिवस सेफ्टीवाल्या साहेबांच्या चहाच्या पेल्यात तळाशी नारिंगी काहीतरी सापडलं, आणि झडतीची मोहीम सुरू झाली. प्रत्येकाची टोपी काढून कान बघण्याइतका साहेबांना धीर नव्हता. त्यांनी सोपी युक्ती काढली. साचे बदलण्यासाठी सगळे घण थांबले, की शेडमध्ये शांतता व्हायची. तेवढ्यात साहेब पावलं न वाजवता माणसाच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि जोरात टाळी वाजवायचे. जो दचकून वळला, तो सुटला. जो वळला नाही, त्याच्या कानात बोळा. युक्ती बिनतोड होती, फक्त त्यांचं अत्तर त्यांच्या पुढे चालायचं. माणसांना आधी वास यायचा. वास आला, की माणसं टाळीची वाट बघत बसायची आणि वेळेवर दचकायची. वकील तर एवढा दचकायचा, की सांडशी खाली टाकायचा.

त्या दिवशी साचे बदलायला सगळे घण थांबलेले होते. भट्टीचं दार उघडं होतं आणि तेलाचा धूर भरला होता. अत्तर त्यात बुडून गेलं. जावईबापू वाकून साच्याचे खिळे ठोकत होते. फोरमन पलीकडे, त्यांच्या समोर उभे होते. सेफ्टीवाले साहेब जावयांच्या मागे येऊन उभे राहिलेले त्यांना दिसले. खूण करायला त्यांनी हात वर उचलला, पण जावयांची मान खाली.

साहेबांनी टाळी वाजवली. फोरमनना ती ऐकू आली नाही, दिसली.

जावई वळले नाहीत.

साहेबांनी पुन्हा वाजवली, अगदी मानेमागे. मग तोंडाशी हात धरून ओरडले. भट्टीवरचा माणूस वळला. पैलवान वळला, त्याच्या कानांत चार बोळे असूनही वळला. जावई खिळे ठोकत राहिले.

"सापडला!" असं काहीतरी साहेबांचे ओठ म्हणाले. त्यांनी जावयांचा खांदा धरून त्यांना फिरवलं, टोपी काढली आणि बॅटरी लावून उजव्या कानात बघितलं. मग डाव्या कानात बघितलं. मग पुन्हा उजव्या. फोरमन जवळ गेले.

"कुठे टाकलेस?" साहेब विचारत होते. "तोंड उघड. खिसे उलटे कर."

"काय, साहेब?"

"बोळे! बोळे कुठे लपवलेस?"

"आज घातलेच नाहीत साहेब. बायकोने धुतले होते, ओले होते. घरी राहिले."

"खोटं बोलू नकोस! कानात काही नव्हतं तर वळला का नाहीस? एवढ्या टाळ्या वाजवल्या!"

जावयांनी साहेबांकडे बघितलं, मग साहेबांच्या हातांकडे बघितलं. "तुम्ही टाळ्या वाजवल्या?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी त्यांचे मोजे काढायला लावले, डबा उघडायला लावला, साच्याखाली वाकून बघितलं. काही मिळालं नाही. शेवटी ते फोरमनकडे वळून वैतागून म्हणाले, "फार हुशार आहेत तुमचे जावई. असं लपवलंय, की माझ्यासारख्याला सापडू नये. ताकीद द्या त्यांना." मग ते निघून गेले.

जावयांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. मग त्यांनी फोरमनकडे बघून ओठांना अंगठा लावला. म्हणजे चहा घेऊ या. फोरमननी मान हलवली. दोघांनी पिंपांवर बसून चहा घेतला. कुणीच काही बोललं नाही, आणि बोललं असतं तरी कोण कुणाचं ऐकणार होतं.

संध्याकाळी मुलगी आली. घासणारं दार ढकलून आत आली, बापासमोर बसली आणि ओठ नीट हलवत विचारलं, "बाबा, यांचे कान ठीक आहेत ना? तुम्ही रोज बघता ना यांना?"

फोरमन म्हणाले, "चहा टाक."

हॅमरभोवती अजून भिंत नाही. मुलीला अजून सांगायचं राहिलं आहे.